तिसाव्या किलोमीटरनंतर

रविवारी पहाटे पाचला आमचा ग्रुप शिवाजी पार्कहून निघतो. वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह, ज्याला जिथून झेपेल तिथून माघारी. परत आलो की घाम वाळेपर्यंत कट्ट्यावर बसायचं आणि मग कीर्ती कॉलेजच्या गल्लीत वडापाव. गोखले काका आमच्यात पळत नाहीत. त्यांचं वय एकाहत्तर. पण ग्रुपची वही त्यांच्याकडे असते आणि कोण किती वाजता परतलं हे ते सेकंदासकट लिहितात.

एका रविवारी सोहमनं केनियाचा मॅरेथॉनपटू केल्विन किपटम याचा विषय काढला. सोहम बावीस वर्षांचा, आमच्यातला सगळ्यात जलद. काकांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "मॅरेथॉन किती पळाला म्हणालास?"

"तीन."

"तीनच? आणि किती वर्षांत?"

"वर्षं नाही काका. दहा महिन्यांत."

"आमच्या बँकेत प्रोबेशन याहून मोठं असायचं," काका म्हणाले. "याला कारकीर्द कशी म्हणायची?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. तीन शर्यती पळालेल्या पोराचं नाव जगभरातले धावपटू एवढ्या आदरानं का घेतात, हे नुसत्या वेळा सांगून कळत नाही. त्यासाठी मॅरेथॉन आतून कशी असते ते थोडं उलगडावं लागतं. कट्ट्यावर ते पंधरा मिनिटांत जमलं नाही, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

सुरुवात कट्ट्यापासूनच करू. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची आतली फेरी साधारण १.१७ किलोमीटरची आहे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी छत्तीस फेऱ्या. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत किपटमनं मॅरेथॉन २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत संपवली, तो तेव्हाचा नवा जागतिक विक्रम. किलोमीटरला पावणेतीन मिनिटांच्या थोडं वर, जवळपास २ मिनिटं ५१ सेकंद. आपल्या कट्ट्याच्या हिशेबात एक फेरी ३ मिनिटं २० सेकंदांत. सोहमनं त्याच रविवारी ताज्या पायांनी एक फेरी मारून बघितली. जीव खाऊन पळाला, शेवटच्या वळणावर एका आजोबांच्या काठीला अडखळता अडखळता वाचला आणि ३ मिनिटं ४१ सेकंदांनी येऊन जो आडवा झाला तो पाच मिनिटं बोलला नाही. अशा छत्तीस फेऱ्या, मध्ये न थांबता, प्रत्येक फेरी सोहमपेक्षा एकवीस सेकंदांनी जलद. आणि खरी गंमत पुढेच आहे. किपटमच्या सगळ्यात जलद फेऱ्या शेवटच्या दहाबारामधल्या होत्या.

हे का अचाट आहे, ते मला माझ्या पहिल्या मुंबई मॅरेथॉननं शिकवलं. सीएसएमटीहून सुटलो तेव्हा अंगात वारं भरलेलं होतं. सी लिंकवर तर मी शेजारच्याशी गप्पा मारत होतो. अर्धं अंतर ठरवल्यापेक्षा सहा मिनिटं आधी पार केलं, आणि आज काहीतरी भलताच पराक्रम करणार असं वाटायला लागलं. मग परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला. तोवर पस्तीसेक किलोमीटर झालेले असतात. एरवी टॅक्सीतून जाताना जाणवतही नाही असा चढ तो. तिथे माझे पाय संपले. दुखले नाहीत, संपले. मेंदू सांगतोय उचल, पाय म्हणतात कोणाचे? फुटपाथवर एक आजी स्टीलच्या ताटात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दोन फोडी माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाल्या, "चालत जा रे बाळा, कोणी रागावत नाही." मी शेहेचाळीस वर्षांचा बाळ. केम्प्स कॉर्नरपर्यंत चालत गेलो.

पळणारे याला 'भिंत' म्हणतात. त्यामागचा हिशेब माझ्यासारख्या बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला चटकन कळतो. शरीराकडे इंधन दोन ठिकाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, तिला ग्लायकोजेन म्हणतात. ही खिशातली रोकड. हात घातला की मिळते. दुसरी चरबी. ती फिक्स्ड डिपॉझिट. बारीक माणसाकडेसुद्धा भरपूर असते, पण मोडायला वेळ लागतो आणि त्याच कामाला ऑक्सिजनही जास्त खर्च होतो. पळायला शरीराच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अडीच हजारांच्या आसपास. चांगलं खाऊनपिऊन आलेल्या माणसाच्या खिशातली रोकड मात्र दोन हजारांच्या घरातली. जितकं जोरात पळाल तितका खर्च रोकडीतून जास्त होतो. त्यामुळे तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी खिसा रिकामा होतो आणि शरीर म्हणतं, आता एफडी मोडून येईपर्यंत थांबा. वाटेत गोड पेयं, जेल वगैरे घेतात ते या खिशात चिल्लर टाकत राहण्यासाठी.

म्हणजे पहिल्या अर्ध्यात मी जी सहा मिनिटं 'कमावली' होती, ती खरं तर उधारी होती. पेडर रोडला व्याजासकट वसूल झाली.

बहुतेक सगळ्यांचं असंच होतं. हौशी माणसांचं तर होतंच, जगातल्या सर्वोत्तम धावपटूंचंही होतं, फक्त कमी प्रमाणात. एल्युड किपचोगेनं सप्टेंबर २०२२ मध्ये बर्लिनला २:०१:०९ असा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ५९:५१ मध्ये झाला होता आणि दुसरा ६१:१८ मध्ये. मॅरेथॉनमधला तो बहुधा सर्वश्रेष्ठ माणूस, त्याचीही उधारी जवळपास दीड मिनिटाची. त्यावर कोणी नाक मुरडलं नाही. मॅरेथॉन अशीच असते असं सगळे धरून चालले होते.

आता शिकागोत किपटमनं काय केलं ते बघा. पहिला अर्धा ६०:४८. म्हणजे अर्ध्या वाटेवर तो किपचोगेच्या बर्लिनमधल्या वेळेच्या ५७ सेकंद मागे होता. दुसरा अर्धा ५९:४७. शेवटी तो किपचोगेच्या ३४ सेकंद पुढे. एकट्या दुसऱ्या अर्ध्यात त्यानं एक्क्याण्णव सेकंदांचा फरक भरून काढला. तीस किलोमीटरपर्यंत डॅनिएल मातेइको सोबत होता, मग किपटमनं गाडीचा गिअर टाकावा तसा वेग वाढवला. तीस ते पस्तीस हे पाच किलोमीटर १३ मिनिटं ५१ सेकंदांत, तीस ते चाळीस हे दहा किलोमीटर २७ मिनिटं ५२ सेकंदांत. कट्ट्याची एक फेरी ३ मिनिटं १६ सेकंदांनी. जिथे माझ्या हातात आजींनी संत्र्याच्या फोडी दिल्या, नेमक्या त्या टप्प्यात. दुसऱ्या क्रमांकाचा बेन्सन किप्रुटो साडेतीन मिनिटांनी आला.

आणि हे अपघातानं घडलेलं नव्हतं. सहा महिने आधी, २३ एप्रिल २०२३ ला लंडनमध्ये, पावसात, त्यानं २:०१:२५ ची वेळ दिली होती. पहिला अर्धा ६१:४०, दुसरा ५९:४५. किपचोगेचा तिथला मार्गविक्रम एक मिनिट बारा सेकंदांनी मोडला. जागतिक विक्रम सोळा सेकंदांनी हुकला. त्याच्याही आधी, ४ डिसेंबर २०२२ ला, तेविसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा, व्हॅलेन्सियाला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन त्यानं २:०१:५३ मध्ये जिंकली होती. तोपर्यंत २:०२ च्या आत फक्त दोनच माणसं आली होती, किपचोगे आणि केनेनिसा बेकेले, आणि दोघांच्या मागे ट्रॅकवरचं अख्खं आयुष्य होतं. पदार्पणात इतकं जलद कोणीच पळालं नव्हतं. तिथेही पद्धत तीच: तीस किलोमीटरपर्यंत घोळक्यात शांत, मग एकटा पुढे.

कट्ट्यावर मी हे सांगितलं तेव्हा सोहमनं मोबाइलवर एक गुणाकार केला. लंडनच्या दुसऱ्या अर्ध्याची दुप्पट किती? १:५९:३०. शिकागोच्या दुसऱ्या अर्ध्याची? १:५९:३४. "म्हणजे दोन तासांच्या आतली मॅरेथॉन याच्या पायांत होतीच," तो म्हणाला. "मग सुरुवातीपासूनच तसा का नाही पळाला?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर पेडर रोडला आहे. पहिला अर्धा एक मिनिटानं जलद पळाला असता तर दुसरा अर्धा तसाच राहिला असता याची हमी नाही. रोकड लवकर संपली असती. दोन तासांसाठी त्याला आणखी ३६ सेकंद हवे होते, म्हणजे किलोमीटरला एक सेकंदाहूनही कमी. ऐकायला चिल्लर वाटतं. त्या वेगाला मात्र शरीर इतकं काठावर असतं की एका सेकंदाचं ओझंही बेचाळीस वेळा उचलावं लागतं.

तो काठ म्हणजे काय, हे स्कूटरच्या भाषेत सांगतो. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या तीन गोष्टी मोजतात. इंजिन केवढं आहे, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं. त्या इंजिनाचा किती हिस्सा तापून बंद न पडता तास-दोन तास वापरता येतो. आणि ॲव्हरेज किती, म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनात कोण जास्त लांब जातं. वरच्या पातळीवर इंजिनं सगळ्यांचीच दांडगी असतात. फरक उरलेल्या दोन गोष्टींत पडतो. हल्ली अभ्यासक आणखी एक चौथी गोष्ट मोजायला लागलेत, टिकाऊपणा. स्कूटर शोरूममधून निघताना साठचं ॲव्हरेज देते, ठीक. पण सलग दीडशे किलोमीटर रेमटवल्यावरही तेवढंच देते का? बहुतेक धावपटूंचं ॲव्हरेज दीड तासानंतर घसरतं. तोच वेग ठेवायला जास्त ऑक्सिजन लागायला लागतो. किपटमच्या तिन्ही शर्यती बघितल्या तर त्याचं हे घसरणं फारच थोडं असावं, असा माझा तर्क आहे.

हा टिकाऊपणा आला कुठून? इथे त्याच्या गावाची गोष्ट येते. केनियाच्या एल्गेयो-माराक्वेत भागात चेप्कोरियोजवळचं चेप्सामो हे त्याचं गाव. महाबळेश्वर, लोणावळा विसरा, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वरचा हा मुलूख. विरळ हवेत ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून शरीर रक्तातल्या लाल पेशी वाढवतं. पण हे एकटं कारण नव्हे, तिथे लाखो लोक राहतात आणि सगळे काही विक्रमवीर होत नाहीत. घरची शेती, गुरं राखायची, आणि त्याच वाटांवरून जगातले उत्तम धावपटू रोज सकाळी सराव करत जाणार. आपल्याकडे गल्लीतल्या पोरांना क्रिकेट शिकवावं लागत नाही, तसं तिकडे पळणं. रवांडाचा धावपटू जर्वे हाकिझिमाना तिथे सरावाला यायचा. एक लहान पोरगा अनवाणी त्यांच्या मागे मागे पळायचा, ही त्यानंच पुढे सांगितलेली आठवण. तोच पोरगा किपटम आणि तोच हाकिझिमाना पुढे त्याचा प्रशिक्षक झाला. कोविडच्या काळात हाकिझिमाना केनियातच राहिला, आणि दोघांनी मॅरेथॉनची तयारी तिथून मनावर घेतली.

इथे एक वेगळेपण आहे, आणि मला वाटतं तेच त्याच्या कारकिर्दीची गुरुकिल्ली आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूची रूढ शिडी अशी असते: विशीत ट्रॅकवर पाच हजार, दहा हजार मीटर पळायचं, पदकं मिळवायची, आणि पायांतला तो वेग कमी व्हायला लागला की तिशीच्या आसपास मॅरेथॉनकडे वळायचं. किपचोगे अठराव्या वर्षी, २००३ मध्ये, पाच हजार मीटरचा विश्वविजेता होता. पहिली मॅरेथॉन पळाला २०१३ मध्ये. हाइले गेब्रसेलासीनं मॅरेथॉन पहिल्यांदा २:०४ च्या आत आणली ती २००८ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. किपटमनं शिडी चढलीच नाही. घराजवळ ट्रॅक नव्हता, तिथे जायला पैसे नव्हते, आजूबाजूला रस्त्यावर पळणारे होते, म्हणून तो रस्त्यावरच पळाला. २०१३ मध्ये, तेराव्या वर्षी, एल्डोरेटच्या हाफ मॅरेथॉनमध्ये दहावा आला. २०१८ मध्ये तीच शर्यत जिंकली. त्या दिवसांत बूटही उसने असायचे. २०१९ मध्ये लिस्बनला हाफ मॅरेथॉन ५९:५४ मध्ये, २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला ५८:४२ मध्ये. म्हणजे 'अचानक उगवला' हे बाहेरच्यांना वाटलं. त्याचे पाय दहा वर्षं डांबरावरच तयार होत होते.

आपल्या बीडच्या अविनाश साबळेची गोष्ट मला इथे हटकून आठवते. तोही सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, आणि ट्रॅकची वाट त्याला सैन्यात भरती झाल्यावरच मिळाली. त्यानं २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन ६०:३० मध्ये पळून राष्ट्रीय विक्रम केला, एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. किती मोठी गोष्ट! आणि आता लंडनचा किपटम बघा: आधीच एक हाफ मॅरेथॉन पळून झाल्यावर दुसरी ५९:४५.

सरावाबद्दल हाकिझिमानानं सांगितलेले आकडे ऐकून आमच्या ग्रुपमध्ये शांतता पसरली होती. आठवड्याला अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर, कधी तीनशेच्याही वर. मुंबई ते नाशिक जवळजवळ जाऊन-येऊन, दर आठवड्याला, पायी. आम्ही चाळीस-पन्नास पळतो आणि बायकांकडून बोलणी खातो. जगातल्या बहुतेक मोठ्या धावपटूंचा आठवडाही दोनशेच्या आसपास असतो. ठरलेली सुट्टी नाही. थकला तर विश्रांती. यात लांब पल्ल्याच्या धावा जवळपास शर्यतीच्या वेगाने. दमलेल्या पायांवर पुन्हा पळायचं, रोज. टिकाऊपणा असाच येतो. पायांना रिकाम्या खिशानं संसार करायची सवय लागते, एफडी चटकन मोडायला शरीर शिकतं, रोकड पुरवून पुरवून वापरतं.

बुटांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. २०१७ च्या सुमाराला कार्बनची पट्टी आणि जाड, उसळी देणारा फोम असलेले बूट आले, आणि प्रयोगशाळेत त्यांनी पळण्याचा ऊर्जाखर्च साधारण चार टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं. हे लहान प्रकरण नाही. २०२० पासून नियमानं तळव्याची जाडी ४० मिलिमीटरच्या वर चालत नाही. किपटमनं शिकागोत असेच नवे बूट घातले होते. पण तसेच भारी बूट त्याच्या मागे आलेल्या सगळ्यांच्या पायात होते, हे लोक सोयीनं विसरतात. आमच्या ग्रुपमध्येही एकानं वीस हजारांचे घेतले. काकांच्या वहीत त्याची वेळ बूट घेण्याआधी आणि नंतर सारखीच आहे, आणि काका ते पान उघडून दाखवायची एकही संधी सोडत नाहीत.

उत्तेजकांचा प्रश्नही कट्ट्यावर निघाला. निघणारच. केनियाच्या बऱ्याच धावपटूंवर गेल्या दशकात बंदी आली आहे, त्यामुळे तिथल्या कुठल्याही मोठ्या वेळेकडे लोक डोळे बारीक करून बघतात. किपटम कधी चाचणीत सापडला नाही. मी तेवढ्यावर थांबतो.

विक्रम 'धरला' कसा जातो, हे बघण्यासारखं आहे, कारण दोन तासांच्या आतली मॅरेथॉन त्याआधीच झाली होती असं सोहमला वाटत होतं. किपचोगे ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नात १:५९:४० पळाला होता खरा. पण ती शर्यत नव्हती, प्रयोग होता. वेग धरून देणारे ताजे धावपटू पाळीपाळीनं आत-बाहेर येत होते, पुढची गाडी रस्त्यावर लेझरची रेघ मारत होती, पाण्याची बाटली सायकलवरून हातात येत होती. विक्रमासाठी खरी शर्यत लागते. मार्गही नियमातला लागतो: सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे अख्खी शर्यत पाठीवर वारा घेऊन पळता येऊ नये; आणि एकूण उतार हजार मीटरला एक मीटरच्या वर नको. म्हणूनच बॉस्टनच्या मार्गावर २०११ मध्ये जेफ्री मुटाईनं २:०३:०२ ची वेळ दिली, ती तेव्हाच्या विक्रमाहून सरस असूनही जागतिक विक्रम म्हणून धरली नाही.

मार्ग मोजतात तेही मजेशीर आहे. उपग्रह वगैरे नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला एक लहानसा यांत्रिक काउंटर बसवतात, आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ रस्त्यावर त्याची पडताळणी करतात, आणि मग धावपटूला जवळात जवळ पडेल अशा रेषेवरून, वळणावर कडेला चिकटून, सगळा मार्ग सायकलनं मोजतात. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही आखूड निघू नये. आपलं घड्याळ मुंबई मॅरेथॉनला ४२.६ किंवा ४२.८ दाखवतं ते यामुळे आणि आपण रस्ताभर नागमोडी पळतो त्यामुळे. आयोजकांशी त्यावरून भांडू नये. मी एकदा भांडलोय.

मग मुंबईत असा विक्रम का होत नाही? २०२३ मध्ये हायले लेमीनं इथे २:०७:३२ असा मार्गविक्रम केला. लेमी काही साधासुधा नव्हे, बॉस्टनचा विजेता. पण जानेवारीतली आपली 'थंडी' मॅरेथॉनच्या दृष्टीनं उकाडाच आहे. जलद पळायला दहा अंशांच्या आसपास हवा लागते. शिकागोत त्या सकाळी तशीच थंडी होती. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग निवत नाही, म्हणून रक्त कातडीकडे धावतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. वर पेडर रोडचा चढ. तरी मला हाच मार्ग आवडतो. शिकागोत आजी संत्री घेऊन उभ्या असतात की नाही कोण जाणे.

आपल्या देशाचा आकडाही सांगून टाकतो, कारण काकांना तो पाठ आहे. १९७८ मध्ये जालंधरला शिवनाथ सिंह २:१२:०० पळाले. पुष्कळदा अनवाणी पळणारा हा माणूस. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक टिकला. "तेव्हा कसले जेल न् कसले बूट," काका म्हणतात, आणि या एका बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही.

हाकिझिमानाला स्वतःला एका गोष्टीची धास्ती होती आणि त्यानं ती उघड बोलून दाखवली होती: पोरगा फार पळतो. असंच चालू राहिलं तर पाच वर्षांत संपेल, टिकायचं असेल तर जरा सबुरीनं घे, असं तो त्याला सांगायचा. किपटमला ते पटत नसे. हा वाद मला फार खरा वाटतो. प्रत्येक तालमीत, प्रत्येक गाण्याच्या क्लासात हा होतो. मास्तर दहा वर्षांनंतरचं बघतो, पोराला आजचं दिसतं. एवढ्या सरावानं शरीर मोडलं असतं की पोलादी झालं असतं, हे कळायला पाच वर्षं लागणार होती.

शिकागोचा विक्रम वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेनं फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अधिकृतपणे मान्य केला. १४ एप्रिलला रॉटरडॅमच्या सपाट मार्गावर दोन तासांच्या आत पळायचा प्रयत्न करणार, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे ती राहिलेली चिल्लर, छत्तीस सेकंद. ११ फेब्रुवारीच्या रात्री काप्तागात गाव ते एल्डोरेट या रस्त्यावर त्याची गाडी झाडावर आदळली. गाडी तोच चालवत होता. सोबत हाकिझिमाना होता. दोघेही जागच्या जागी गेले. किपटम चोवीस वर्षांचा होता, प्रशिक्षक छत्तीसचा.

रॉटरडॅमची शर्यत ठरलेल्या दिवशी झाली. नेदरलँड्सचा आब्दी नागेये २:०४:४५ मध्ये जिंकला.

हे सगळं ऐकून काका थोडा वेळ वहीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "एकट्याला नाही जमणार. सगळे मिळून करा की. छत्तीस फेऱ्या. मी वेळ लावतो."

तर पुढच्या रविवारी आम्ही लांबची धाव रद्द केली. पहाटे पावणेपाचला, चालणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, बारा जण जमलो. प्रत्येकानं एक फेरी जीव तोडून पळायची, हातातला रुमाल पुढच्याला द्यायचा, अकरा फेऱ्या बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा पळायचं. प्रत्येकाच्या वाट्याला तीन फेऱ्या. काका मीनाताई ठाकरेंच्या पुतळ्याजवळच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही, हातात जुनं स्टॉपवॉच. पहिल्या चार फेऱ्यांत आम्ही एवढे चेकाळलो होतो की सोहम ओरडला, "बसतंय, बसतंय!" सोळाव्या फेरीला रुमाल पडला. बाविसाव्या फेरीला वीस हजारांचे बूटवाले शिंदे पोटरी धरून खाली बसले आणि त्यांची पुढची फेरी मी पळालो, म्हणजे पळालो असं म्हणायचं. तीस किलोमीटरच्या पुढे, जिथे किपटम गिअर बदलायचा, तिथे आम्ही बाराच्या बारा जण एकमेकांकडे बघत होतो की आता कोणाची पाळी.

शेवटची फेरी सोहमची. तो आला, काकांनी बटण दाबलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वहीत लिहिलं. २ तास ४४ मिनिटं. मग बोटांवर काहीतरी मोजत खाली आणखी एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली. पहिल्या अठरा फेऱ्या १:१९. नंतरच्या अठरा १:२५.

"बारा जण," काका म्हणाले. "बसून बसून."

मग वही मिटली आणि वडापाव खायला निघाले.